हनुवटी जराशी खाली

पासपोर्ट साइज फोटोतला माणूस आणि काउंटरपलीकडे उभा असलेला माणूस एकच आहे, असा निर्वाळा मी गेली बावीस वर्षं सहीशिक्क्यानिशी देत आलो आहे. ही शुद्ध थाप आहे. आमच्या शाखेत खातं उघडायला येणारा गृहस्थ घाम पुसत, हसत, 'साहेब, पंखा जरा इकडं फिरवा ना' म्हणत येतो. आणि त्यानं फॉर्मवर डकवलेला इसम मात्र नुकताच कोठडीतून काढून भिंतीशी उभा केल्यासारखा दिसतो. बायकांचं तर विचारूच नका. एकदा जॉइंट खातं उघडताना एका नवऱ्यानं फॉर्मवर बोट ठेवून मला विचारलं होतं, 'ही कोन?' त्याची बायको शेजारीच उभी होती. पुढचा संवाद बँकिंगच्या कक्षेत येत नाही. मी निमूट शिक्का मारला. शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर पडावा असा रिवाज आहे, त्यामुळे उरलासुरला चेहराही जातो.

दुसऱ्याला हसायला मला तोंड नाही. जे आहे ते गळ्यातल्या ओळखपत्रावर आहे, आणि त्यात मी बँकेचा कर्मचारी न दिसता थकबाकीदार दिसतो. एकदा वसुलीसाठी गेलो असता एका कर्जदारानं माझं ओळखपत्र निरखून पाहिलं, मला आत बसवलं, पाणी दिलं आणि आपुलकीनं विचारलं, 'तुमचे किती थकले, भाऊ?'

असा हा चेहऱ्यांशी माझा व्यावसायिक संबंध. म्हणूनच की काय, फील्ड ऑफिसर रजेवर गेले तेव्हा मॅनेजरसाहेबांनी फोटो स्टुडिओच्या तपासणीला मला पाठवलं.

आता वाडी म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर नारळी-पोफळी, पाटाचं पाणी आणि ओटीवर सुपारी कातरणारे आजोबा आले असतील, तर तो कोकणातल्या लेखकांचा दोष आहे. आमची वाडी नागपूरच्या पश्चिमेला अमरावती रोडवर आहे. तिच्यात झाडांपेक्षा ट्रक जास्त. ट्रान्सपोर्टची गोदामं, टायरची दुकानं, वजनकाटे आणि अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत हयात घालवून इथंच घर बांधलेली रिटायर्ड मंडळी, ही आमची वनराई. अशा वाडीत, दोन गोदामांच्या मधल्या पत्र्याच्या गाळ्यात, एका पोरानं स्टुडिओ काढला आणि त्यासाठी आमच्याकडून मुद्रा योजनेचं कर्ज घेतलं. ही योजना २०१५ पासून आहे. तिच्यात ५० हजारांपर्यंत कर्ज घेणारा 'शिशू', ५ लाखांपर्यंतचा 'किशोर' आणि १० लाखांपर्यंतचा 'तरुण'. (२०२४ पासून २० लाखांचा 'तरुण प्लस'ही निघाला आहे.) सत्तरीचा म्हातारा चाळीस हजार मागायला आला तर आमच्या रजिस्टरात तो शिशू. या पोरानं साडेचार लाख घेतले होते, म्हणून किशोर. त्याचं नाव सांगायचं कारण नाही. अर्जावर 'प्रोप्रायटर' असं ठळक लिहिलं होतं, तेव्हा आपणही त्याला प्रोप्रायटरच म्हणू.

मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. पण कर्जातून घेतलेली वस्तू बँकेकडे नजरगहाण असते. नजरगहाण! हा शब्द मी हजार वेळा लिहिला असेल, पण तो नेमका फोटो स्टुडिओसाठीच घडवला असावा, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या हातात कोटेशन होतं आणि कोटेशनात जे लिहिलं होतं ते प्रत्यक्षात आहे की नाही, एवढंच पाहायचं होतं.

"ब्यूटी डिश, १ नग," मी वाचलं. "ही कुठे आहे? स्वयंपाकघरात?"

प्रोप्रायटरनं वर बोट दाखवलं. दांडीला एक भलीमोठी पांढरी परात उलटी टांगली होती. तिच्या पोटात दिवा.

"स्नूट, १ नग."

हे पत्र्याचं नरसाळं निघालं. दिव्याच्या तोंडाला लावलं की उजेड पसरत नाही, रुपयाएवढा गोल होऊन पडतो. हनीकोंब म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी. मध निघत नाही, उजेड सरळ रेषेत जातो. बार्न डोअर म्हणजे दिव्याला बसवलेली चार झडपा. सॉफ्टबॉक्स म्हणजे पांढऱ्या कापडाचं तोंड असलेली काळी मच्छरदाणी. आणि छत्र्या! मे महिन्याच्या भरदुपारी, नागपुरात, पत्र्याखाली, दोन माणसं दोन छत्र्या उघडून उभी आहेत, हे दृश्य बाहेरच्या ट्रकवाल्यानं पाहिलं असतं तर त्यानं गाडी थांबवून आम्हाला कांदा हुंगवला असता.

मी प्रत्येक नगावर 'बँकेकडे नजरगहाण' असं छापील स्टिकर चिकटवत सुटलो. सॉफ्टबॉक्सच्या पांढऱ्या पडद्यावर मधोमध चिकटवलं, तेव्हा प्रोप्रायटर कळवळून म्हणाला, "सर, इथून तं उजेड येते!" मी ते काढून दांडीला लावलं. कर्जदाराचा धंदा चालावा हे बँकेच्याच हिताचं असतं.

एवढ्यावर तपासणी संपायची. पण मॉडेल यायला उशीर होता आणि प्रोप्रायटरला उजेड लावून ठेवायचा होता. "सर, दहा मिनिटं या स्टुलावर बसता का? फोटो नाही काढत. फक्त उजेड पाहतो."

मंडळी, माणसाला 'तुमचा फोटो काढतो' म्हटलं तर तो लाजतो. 'फोटो काढत नाही, नुसता उजेड पाहतो' म्हटलं तर जरासा दुखावतो. मी दुखावून बसलो.

त्या दहा मिनिटांचा पाऊण तास झाला आणि बी. कॉम.च्या तीन वर्षांत जे कळलं नाही ते बरंच काही मला त्या स्टुलावर कळलं. उदाहरणार्थ, दिवा चेहऱ्यापासून दुप्पट लांब नेला तर उजेड निम्मा होत नाही. चौथा हिस्सा उरतो. तिप्पट लांब नेला तर नववा हिस्सा. मी म्हटलं, "हे तर आमच्या चक्रवाढ व्याजाच्या उलट झालं." तो म्हणाला, "तेच तं, सर. जवळ आणला की फुकटात वाढतो." कर्जदाराला फुकटात वाढणाऱ्या गोष्टींचं ज्ञान असलेलं पाहून मला शाखेच्या वतीनं बरं वाटलं.

दुसरी गोष्ट अशी की, उजेड कडक की मऊ हे दिव्याच्या जोरावर ठरत नाही, आकारावर ठरतं. लहान दिवा असेल तर नाकाची सावली सुरीनं कापल्यासारखी पडते. तोच उजेड मोठ्या पांढऱ्या पडद्यातून, अगदी जवळून आला की सावलीच्या कडा विरघळतात. आणि तो पडदा थोडा थोडा दूर नेत गेलं तर पुन्हा कडक होत जातो. (सूर्य एवढा प्रचंड असून दुपारी आपल्याला कोळशासारखं का दाखवतो, याचा उलगडा मला शेहेचाळिसाव्या वर्षी झाला. तो लांब आहे. ढग आला की तोच उजेड ढगाएवढा मोठा होतो, म्हणून पावसाळी दिवशी माणसं बरी दिसतात. मुलगी पाहायला आषाढात जावं, असं कोणी आमच्या पिढीला सांगितलं नाही.)

मग त्यानं सगळे दिवे घालवून एकच ठेवला. माझ्या डाव्या बाजूला, जरा उंचावर. समोर आरसा होता. आरशात माझा अर्धा चेहरा दिसत होता आणि अर्धा अंधारात गडप झालेला. फक्त त्या अंधाऱ्या बाजूच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक लहानसा त्रिकोण राहिला होता.

"याले रेम्ब्रांट म्हणतात, सर."

रेम्ब्रांट हा सतराव्या शतकातला डच चित्रकार, हे मला प्रश्नमंजूषेमुळे माहीत होतं. तो माझ्या गालावर येऊन बसेल याची कल्पना नव्हती. प्रोप्रायटरनं मग एक किस्सा सांगितला, जो अमेरिकन दिग्दर्शक सेसिल डिमिलनं स्वतःच सांगून ठेवला आहे. १९१५ सालच्या एका चित्रपटात त्यानं नटांचे चेहरे असेच अर्धे उजेडात, अर्धे अंधारात दाखवले. चित्रपट विकायची जबाबदारी ज्याच्याकडे होती, तो पुढे सॅम गोल्डविन म्हणून गाजलेला गृहस्थ घाबरला. अर्धाच चेहरा दिसला तर थिएटरवाले अर्धेच पैसे देतील, असं त्यानं कळवलं. डिमिलनं उत्तर पाठवलं की, बाबा रे, ही रेम्ब्रांटची प्रकाशयोजना आहे. त्यावर गोल्डविन म्हणतो, असं असेल तर मग दुप्पट पैसे मागू! हा मनुष्य बँकेत असता तर आज चेअरमन असता.

मी आरशात पुन्हा पाहिलं. खरं सांगतो, त्या अर्ध्या चेहऱ्यात मी प्रथमच पूर्ण माणसासारखा दिसत होतो.

तेवढ्यात मॉडेल आली. मॉडेल या शब्दानं मी सावरून बसलो होतो. पण आली ती आमच्याच बाजूची कॉलेजात जाणारी मुलगी. इतवारीतल्या एका साडीच्या दुकानासाठी फोटो काढायचे होते. सोबत तिची आई, मांडीवर पिशवी आणि पिशवीत डबा घेऊन. आई दिव्यांकडे, प्रोप्रायटरकडे आणि माझ्याकडे अशा क्रमानं संशयानं पाहू लागली. मी बँकेचा आहे हे कळल्यावर संशय वाढला.

माझी समजूत अशी की, फोटोग्राफर हुकूम सोडतो आणि मॉडेल तो झेलते. आमच्या लहानपणी तसंच होतं. १९८५च्या सुमारास बाबांनी आम्हाला सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत नेलं होतं. मागे रंगवलेला तलाव, तलावात कमळं आणि कमळांच्या वर न जोडलेला टेलिफोन. दोन हजारी दिव्यांत आम्ही भाजून निघत होतो आणि काळ्या कापडाआडून एक आवाज येत होता: 'हनुवटी जराशी खाली. हलू नका. श्वास घेऊ नका.' त्या फोटोत आम्ही चौघंही श्वास न घेतलेले दिसतो.

इथं उलटंच चाललेलं. प्रोप्रायटर चार फोटो काढायचा आणि कॅमेरा घेऊन त्या मुलीकडे जायचा. दोघं डोकं खुपसून पाहायचे. ती म्हणायची, "हा दिवा माझ्या नाकावर बसून राहिला." तो दिवा हलवायचा. ती म्हणायची, "मी चालताना पदर असा येते, तुम्ही उभं करता म्हणून तो मेल्यासारखा पडते." तो म्हणायचा, चाल. ती चालायची. मागून एक दिवा केसांवर पडायचा, पदराची कड पेटल्यासारखी उजळायची, आणि काळ्या पडद्यावर नुसती साडी नव्हे, साडी नेसून कुठेतरी निघालेली एक मुलगी दिसायची. नको तो फोटो ती 'पुसा' म्हणायची आणि तो तिच्यादेखत पुसायचा. मध्येच आईनं डबा उघडला आणि सांबारवडी सगळ्यांना वाटली. त्यानंतरचे फोटो जास्त चांगले आले, असं माझं निरीक्षण आहे.

"मॉडेल म्हणजे काही वस्तू नाही, सर," प्रोप्रायटर मला म्हणाला, "पार्टनर आहे."

माझ्यातला क्लार्क जागा झाला. "पार्टनर? तुमच्या अर्जात प्रोप्रायटरशिप लिहिलंय. पार्टनरशिप असेल तर डीड कुठाय?"

आणि आश्चर्य म्हणजे डीड होतं! त्यानं फायलीतून एक कागद काढला. हे फोटो कुठं वापरायचे, किती काळ, किती पैशांत आणि कशासाठी मुळीच वापरायचे नाहीत, हे सगळं त्यावर मराठीत लिहिलेलं, खाली मुलीची आणि त्याची सही. आमच्या बँकेचा फॉर्म मी बावीस वर्षांत एकदाही पूर्ण वाचलेला नाही. हा एका दमात वाचून झाला.

गाळ्याच्या भिंतीवर एकाच माणसाचा फोटो होता: गौतम राजाध्यक्ष. हे मुळात रसायनशास्त्राचे पदवीधर. जाहिरात कंपनीत नोकरीला होते, आणि तिथून निघून त्यांनी हिंदी-मराठी पडद्यावरचे मोठमोठे चेहरे असे टिपले की १९९७ साली 'फेसेस' नावाचं त्यांचं पुस्तक निघालं, तेव्हा त्यात दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंत सगळं घराणंच्या घराणं होतं. २०११ साली ते गेले. प्रोप्रायटरचं म्हणणं असं की, चेहरा उजळायच्या आधी माणूस मोकळा करावा लागतो, हे त्यांच्या फोटोंत दिसतं. रसायनशास्त्राचा माणूस इतका पुढे गेला, तर वाणिज्य शाखेचा निदान स्टुलावर बसायला हरकत नव्हती, एवढाच धडा मी घेतला आणि 'नग बरोबर, धंदा चालू' असा शेरा मारून घरी आलो.

घरी आल्यावर मात्र नजर गेली ती आईच्या फोटोवर.

आई २००४ साली गेली, अचानक. फोटो हवा म्हणून शोधाशोध झाली तेव्हा लक्षात आलं, की आयुष्यभर तिनं सगळ्यांना ताटं वाढली आणि फोटोच्या वेळी ती नेहमी आत होती. शेवटी चुलतबहिणीच्या लग्नातला एक ग्रुप सापडला. त्यात मागच्या रांगेत, वाटाण्याएवढी आई. एका दुकानदारानं तो वाटाणा फुगवून दिला. फुगवताना त्यानं केस काळे केले, कुंकू मोठं केलं आणि कपाळावरच्या रेघा पुसून टाकल्या. आई सारखी हसायची. फोटोतली बाई मामलेदार कचेरीत ताटकळत बसल्यासारखी दिसते. आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात कोणाचा तरी खांदा राहून गेला आहे. शाल पांघरलेला. तो खांदा कोणाचा, यावर आमच्या घरात वीस वर्षं एकमत झालेलं नाही. दर पितृपक्षात आईबरोबर त्या खांद्यालाही हार घातला जातो. तो ज्याचा असेल तो इसम बहुधा अजून हयात आहे आणि आपली प्रकृती मधूनच का बिघडते, असा विचार करत असेल.

रात्री जेवताना सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "बाबांचा एखादा चांगला फोटो काढून ठेवा ना."

'काढा' नाही, 'काढून ठेवा'. मराठी भाषेत या 'ठेवा'इतकं नाजूक क्रियापद दुसरं नसेल. पण बाबांचे कान अडतीस वर्षं फॅक्टरीत लेथच्या आवाजात घालवूनही शाबूत आहेत.

"काहून?" ते भाकरी मोडता मोडता म्हणाले. "पेपरात द्याले? मले समजत नाही का?"

"तसं नाही, बाबा…"

"तसंच आहे. फोटो काढला का मानूस भितीवर जाते. तुही माय नाही गेली?"

यावर काय बोलणार? फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही भीती काही बाबांनी शोधून काढलेली नाही. चित्रपट काढायच्या कितीतरी आधी दादासाहेब फाळक्यांनी गुजरातेत, बडोद्याला, फोटो स्टुडिओ थाटला होता, तेव्हा कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो असं लोकांना वाटे आणि गिऱ्हाइकं फिरकत नसत, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. पुढे त्याच फाळक्यांनी सगळ्या देशाला पडद्यासमोर बसवलं. पण आमच्या बाबांना कोण बसवणार?

विषय बदलावा म्हणून मी गोदामातल्या गमती सांगायला लागलो. परात, नरसाळं, छत्री. बाबा लक्ष देत नव्हते. बोलता बोलता मी म्हटलं, की त्या पोराचा एक मोठा स्टँड आहे, आडवी दांडी असलेला, त्याचे आटे गेलेत, दिवा सारखा खाली घसरतो.

भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "कोनते आटे? बाहेरचे का आतले?"

"मला काय माहीत?"

"बँकेत हायेस म्हणून माहीत नाही. दिवा डोक्यावर पडला म्हणजे?" ते उठलेच. "उद्या घेऊन चाल मले."

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबा इस्त्रीचा सदरा घालून, खिशात व्हर्नियर कॅलिपर अडकवून निघाले. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. फॅक्टरी २०२१ पासून नव्या सरकारी कंपनीकडे गेली. पण बाबांचा व्हर्नियर काही रिटायर झालेला नाही. घरात आलेल्या नव्या पेल्याचासुद्धा ते आधी व्यास घेतात.

गाळ्यात शिरल्यावर त्यांनी दिव्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्टँडपाशी उकिडवे बसले, बोल्ट काढला, बोटानं चाचपला. "पितळ आहे. मऊ. पोलादाचा पाह्यजे." प्रोप्रायटर 'हो आजोबा, हो आजोबा' करत शेजारी बसला. मग दोघं मला न विचारता माझ्या स्कूटरवरून आठव्या मैलाकडच्या एका लेथवाल्याकडे गेले आणि मी, एक जबाबदार बँक कर्मचारी, साडेचार लाखांच्या नजरगहाण मालाची राखण करत एकटा स्टुलावर बसलो. दीड तासानं परतले ते जुने दोस्त असल्यासारखे. खिशात नवा बोल्ट.

स्टँड बसला. दिवा वर चढला आणि जागचा हलला नाही. प्रोप्रायटरनं तो सवयीनं समोर, जरा वर लावला. बाबांनी मान हलवली.

"असा समोरून मारला तं काईच नाही दिसत. आडवा मार."

"आडवा म्हणजे, आजोबा?"

"जॉब तपासताना दिवा असा बाजूनं, खाली धरतो आम्ही. घासून जाते उजेड. मंग बारीक ओरखडा बी लपत नाही." आणि त्यांनी स्वतः उठून दिव्याचं तोंड वळवलं.

प्रोप्रायटर थबकून त्यांच्याकडे पाहत राहिला. पोत दाखवायचा तर उजेड बाजूनं आणावा, हे तो पैसे भरून शिकला होता. बाबा ते १९७१ सालापासून पगार घेऊन करत होते. मग सुरू झालं ते मला कळेनासं झालं. बाबा सांगायचे, तो हलवायचा. तो म्हणायचा, इतका आडवा ठेवला तर सुरकुत्या फार येतील, समोरून एक पांढरा ठोकळा धरू, थोडा उजेड परत फेकेल. बाबा म्हणायचे, धर, पण सगळं नको पुसू. उभं राहून पाहायला कोणीतरी हवं होतं. "आजोबा, जरा इथं उभे राहता? फोटो नाही काढत. फक्त उजेड पाहतो."

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मी खोकलो नाही.

बाबा उभे राहिले. हातात तो जुना, झिजलेला बोल्ट. तो उजेडात धरून त्याचे आटे पाहत होते, आणि त्या लेथवाल्याबद्दल काहीतरी सांगत होते, की पोरगं हुशार आहे पण टूलला धार लावत नाही. प्रोप्रायटर ऐकत होता आणि मधून मधून 'मग?' म्हणत होता. कॅमेऱ्याचा आवाज मला ऐकू आला. बाबांना आला की नाही, कोण जाणे.

मग त्यानं कॅमेरा बाबांपुढे धरला. "आजोबा, चुकून निघाला. ठेवू का पुसू?"

बाबांनी चष्मा वर केला, खाली केला. मी मागून डोकावलो. पांढरी दाढीची खुंटं एकेक मोजता येत होती. कपाळावरच्या आडव्या रेघा, डाव्या भुवईवरची किस उडून लागलेली जुनी खूण, बोटांची चामडी, बोल्टाचे झिजलेले आटे, सगळं एकाच जातीचं दिसत होतं. आणि दोन्ही डोळ्यांत उजेडाचा एक एक ठिपका. आईच्या फोटोत तो नाही. त्याच्यामुळे काय फरक पडतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा तं जित्ता दिसते बे."

प्रोप्रायटरनं पुन्हा विचारलं, "ठेवू?"

"ठेव." आणि कॅमेरा परत देता देता, माझ्याकडे न पाहता, "तुह्या मायचा असा काढाले पाह्यजे होता."

परत येताना स्कूटरवर आम्ही दोघंही गप्प होतो. अमरावती रोडवर ट्रकच इतके होते की बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं.

फोटो आठवड्याभरानं मोठा होऊन आला. बाबांनी तो स्वतःच लावला. आईच्या शेजारी नाही, समोरच्या भिंतीवर, म्हणजे दोघं एकमेकांकडे पाहतील असा. खिळा मापून ठोकला. मग मला म्हणाले, "हाराचा खिळा आत्ताच नको ठोकू. मी सांगीन तेव्हा." पाहुण्यांना ते 'हा दिवा मी लावला आहे' असं सांगतात. माणसाविषयी काही सांगत नाहीत.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती, पण नोव्हेंबर आला. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा महिना. २०१४ पासून हे काम अंगठ्यावर होतं. पण अडतीस वर्षं लोखंड हाताळून बाबांच्या बोटांवरचे ठसेच घासून गेलेले. यंत्र दरसाल 'जुळत नाही' म्हणायचं आणि बाबा दरसाल माझ्यासमोर, माझ्याच काउंटरवर, काही मिनिटं मृत असायचे. २०२१ पासून मोबाइलनं चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय झाली आहे. समोर पाहायचं, पापण्या मिटायच्या-उघडायच्या, की झालं. आमच्या शाखेत मात्र ते होईना. खुर्ची काचेच्या दाराकडे पाठ करून ठेवलेली. मागून अमरावती रोडचं सगळं ऊन आत, आणि पुढे बसलेला पेन्शनर कोळशासारखा काळा. सकाळपासून तिघंच जिवंत ठरले होते. रांगेत वीस-बावीस जण, आवाज चढलेले, आणि मी घामानं निथळलेला.

बाबा रांगेतून बाहेर आले. काही न बोलता त्यांनी खुर्ची उचलली आणि उलटी फिरवून दाराकडे तोंड करून ठेवली. भिंतीवरचं आमच्या बँकेचं कॅलेंडर काढलं, पानं उलटी केली आणि मागची पांढरी बाजू पुढे करून खुर्चीपाशी उभे राहिले.

"बसा, मावशी. पदर कपाळावरून जरा मांगं घ्या. हनुवटी जराशी खाली. हां. आता इकडं पाहा, अन् मिचकवा डोळे."

मावशी जिवंत निघाल्या. मागोमाग दुसरे, तिसरे. कोणी घाबरलेलं असलं की बाबा त्याला नातवंडं किती, पेन्शन किती, असं काहीबाही विचारायचे आणि त्यानं तोंड उघडलं की मला खूण करायचे. मॅनेजरसाहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. पावणेचारपर्यंत सगळी रांग संपली.

"हे कोण?" साहेबांनी हळूच विचारलं.

"वडील."

"यांचा झाला का दाखला?"

झाला नव्हता. सगळ्यांना जिवंत करता करता बाबा तेवढे राहून गेले होते. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, मोबाइल साहेबांच्या हातात दिला आणि कॅलेंडर धरून उभा राहिलो.

"खाली घे," बाबा म्हणाले. "अजून. गळ्यावर कायले मारतं? डोळ्यात पाह्यजे उजेड."

मी कॅलेंडर खाली घेतलं.